घराआधी शेजारी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुने लोक सांगत. आज त्यात ‘भाड्याचे घर पाहावे शोधून’ अशी भर घालायला हरकत नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी भोर आणि वेल्ह्याहून पुण्याला जाणाऱ्या कुटुंबांना याचा अनुभव येतोच. भोरचा माणूस कापूरहोळला महामार्गाला लागतो, त्यामुळे त्याची नजर साहजिकच कात्रज, आंबेगाव, धनकवडीकडे जाते. पाबे घाटातून येणाऱ्या वेल्हेकराला धायरी आणि सिंहगड रस्ता जवळचा वाटतो. शनिवारी गावी जायला एसटी कुठे मिळेल, पाणी नळाला येते की टँकरने, अनामत किती, मुलांची शाळा किती लांब, एवढे प्रश्न सुटले की सामान टेम्पोत चढते.

मुस्लिम कुटुंबाच्या बाबतीत या सगळ्याआधी एक प्रश्न येतो. तो त्याने विचारायचा नसतो, त्याला विचारला जातो : नाव काय? सकाळपर्यंत रिकामे असलेले घर नाव ऐकताच ‘कालच गेलेले’ असते. कधी मालक राजी असतो, पण सोसायटीचे कारण पुढे येते. कधी एजंटच सुचवतो, ‘कोंढव्यात बघा ना, तिथे तुम्हाला बरे पडेल.’ ही केवळ ऐकीव तक्रार नव्हे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुस्लिमांना भाड्याने घर मिळवताना येणाऱ्या अडचणींची नोंद घेतली. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात घरे मागून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही दलित आणि मुस्लिम नावांच्या वाट्याला नकार अधिक आले.

कोंढवा वाईट आहे, असे कोणी म्हणत नाही. रमजानमध्ये तर मशिदीजवळ घर असणे मोठी सोय. तरावीहला पायी जाता येते, सहरीच्या वेळी अख्खी गल्ली जागी असते. पण मशिदीजवळ राहावेसे वाटणे ही निवड झाली. तिथेच राहावे लागणे हा नाइलाज. नोकरी सिंहगड रस्त्याला आणि घर कोंढव्यात, अशा रोजेदाराला रोज संध्याकाळी अख्खे शहर ओलांडून इफ्तार गाठावी लागते. शिवाय एकाच धर्माच्या वस्तीत वाढलेल्या मुलांना, इकडच्या काय आणि तिकडच्या काय, दुसऱ्याचा सण फक्त मोबाइलवर दिसतो.

भोरमध्ये घर देताना माणसाची चौकशी होतेच. हा कोणाचा मुलगा, कुठे कामाला, देणेघेणे कसे, हे चार घरी विचारले जाते. नाव हा त्या ओळखीचा एक भाग असतो. पुण्यात बाकीची ओळख मागेच राहते आणि नाव तेवढे उरते. मग मालकाची भीती त्या एका नावावर येऊन बसते.

मालकाला भीती वाटूच नये, असे नाही. घर आयुष्याच्या कमाईचे असते. पण त्या भीतीवर कायद्यात उपाय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई मागता येते. जोडीला पोलिसांकडे भाडेकरूची नोंद असतेच. मालकाने पगार विचारावा, माणसे किती ते विचारावे, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर घ्यावा. या सगळ्यातून भाडेकरू कळतो, धर्मावरून कळत नाही.

कागदाने जे भागत नाही, ते ओळखीने भागते. इथे भोर-वेल्ह्याच्या माणसांना करण्याजोगे काम आहे. त्यांच्यापैकी कितीतरी जण आज पुण्यात स्थायिक आहेत, काही सोसायट्यांच्या कमिट्यांवरही असतील. गावच्या माणसासाठी ‘हे घर मी ओळखतो, मी जबाबदार’ एवढा एक फोन त्यांनी केला, तर बंद झालेले दार पुन्हा उघडू शकते.

हा हिशेब एकतर्फी मात्र नको. मुस्लिम घरमालकही कधी दुसऱ्या जमातीच्या, दुसऱ्या धर्माच्या, कधी एकट्या राहणाऱ्या बाईला नकार देतो. रोजा ठेवून असा नकार देणाऱ्याने कुराणातील सूरह निसा आठवावी. तिथे आईवडील, नातलग, अनाथ आणि गरिबांबरोबर जवळच्या शेजाऱ्याशी आणि परक्या शेजाऱ्याशीही भले वागण्याचा आदेश आहे. हमसायाचा हक सांगताना धर्माची अट घातलेली नाही. भाडेकरूनेही पहाटे भांड्यांचा आवाज जपावा, कारण वरच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप हाही शेजाऱ्याचा हकच.

घराआधी शेजारी पाहावा, अशी अरबीत म्हण आहे. ती घर शोधणाऱ्यासाठी आहे, तशी घर देणाऱ्यासाठीही. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी दोन्ही हातांनी घेतली जाते. तो गोडवा खरा आहे, पण वर्षातून एका दिवसाचा. उरलेल्या दिवसांचा शेजार किल्ली हातात दिल्यावरच सुरू होतो.