सरासरीचा फसवा आकडा



मागील महिन्यात आमच्या एका नातलगांनी विचारले, "काका, ऑक्सफर्डला सात अर्जांमागे एकाला प्रवेश मिळतो म्हणे. मुलाने प्रयत्न करावा ना?" आकडा चुकीचा नव्हता. वर्षाला 23,000 च्या आसपास अर्ज, पदवीच्या जागा सुमारे 3,300. परंतु ही झाली संपूर्ण विद्यापीठाची सरासरी. शाखेचा एकूण नफा पाहून एखाद्या कर्जदाराची पत ठरवावी, तसा हा प्रकार.

मुलाला हवे होते 'अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन'. तेथे शंभरांतून जेमतेम पाच-सहा निवडले जातात. संगणकशास्त्राची स्थितीही जवळपास तीच. उलट ग्रीक-लॅटिनच्या 'क्लासिक्स'मध्ये तिघांमागे एकाहून अधिकांना जागा मिळते.

"मग क्लासिक्सचाच अर्ज भरू, आत गेल्यावर विषय बदलू!" हा त्यांचा व्यापारी हिशेब. मी त्यांना थांबविले. तेथे अर्जदार थोडे खरे. पण त्यांतील अनेकांनी शाळेतच लॅटिन अभ्यासलेले असते आणि मुलाखत त्या विषयाचे अध्यापकच घेतात. उसनी आवड त्यांच्यापुढे किती वेळ टिकणार? शिवाय पुढे विषयबदल मिळण्याची हमी नाही. गर्दीच्या विषयात तर तो अधिकच दुष्कर. त्याच वर्षी केंब्रिजलाही अर्ज करता येत नाही.

मुलगा इतका वेळ गप्प होता. "मला अर्थशास्त्रच शिकायचे आहे," एवढेच तो म्हणाला. ऑक्सफर्डचा अर्ज त्याच विषयाचा राहिला. उरलेल्या चार पर्यायांसाठी अन्य विद्यापीठांची यादी आम्ही त्याच संध्याकाळी करावयास घेतली.