टिपणांना शेजार हवा

टिपण लिहून झाले की बहुतेक संशोधक विद्यार्थी ते कोणत्या विषयाच्या फाइलीत घालायचे, एवढेच ठरवतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान मात्र ते कोणत्या जुन्या टिपणाशेजारी ठेवावे, याचा विचार करत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी आयुष्यभर लिहिलेल्या अशा चिठ्ठ्या सुमारे ९०,००० भरल्या. चिठ्ठीवर शक्यतो एकच विचार, तोही स्वतःच्या शब्दांत मांडलेला, आणि प्रत्येकीला कायमचा क्रमांक. आधीच्या मुद्द्याला नवा फाटा फुटला की क्रमांकापुढे अक्षर जोडून नवी चिठ्ठी मध्येच बसे. दूरच्या खणातल्या संबंधित चिठ्ठीचा क्रमांकही तिच्यावर नोंदला जाई. अशा रचनेत कायद्याचा धागा शोधता शोधता माणूस प्रेमाच्या किंवा धर्माच्या चिठ्ठीपाशी पोहोचू शकतो आणि तिथे त्याला न ठरवलेला प्रश्न भेटतो. चिठ्ठ्यांच्या पेटीने आपल्याला चकित करावे, ही लूमान यांची अपेक्षाच होती. पिवळ्या रेघांनी भरलेली पीडीएफ आणि जशीच्या तशी उतरवलेली अवतरणे पुराव्यासाठी लागतात. पण त्यांतून कल्पना सुचत नाहीत, कारण तिथे आपण स्वतः काही म्हटलेलेच नसते. म्हणून वाचन संपल्यावर पुस्तक मिटावे, दोन-तीन वाक्यांत आपले म्हणणे लिहावे आणि त्याला छेद देणारे एखादे जुने टिपण शोधून त्याशी जोडावे. प्रबंधाचा खरा प्रश्न बहुधा त्या विसंगतीतच सापडतो.