फोर्लानचे १७ गोल

युरोपातल्या देशोदेशींच्या लीगमध्ये मोसमभरात केलेल्या गोलांना लीगच्या दर्जाप्रमाणे गुण देऊन, सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूला ‘गोल्डन शू’ दिला जातो. २००४-०५ च्या मोसमात तो दोघांमध्ये विभागून दिला गेला. एक आर्सेनलचा थिएरी ऑन्री, दुसरा स्पेनच्या विलारेआलचा दिएगो फोर्लान. दोघांचे लीगमधले गोल प्रत्येकी २५. हे दोघेही एकेका बलाढ्य क्लबने नको म्हणून सोडून दिलेले खेळाडू होते. ऑन्रीला १९९९ मध्ये युव्हेंटसने बाजूच्या रेषेलगत खेळवले, तिथे लीगच्या १६ सामन्यांत त्याचे ३ गोल झाले आणि सहा-सात महिन्यांत त्याची रवानगी झाली. उरुग्वेचा फोर्लान मँचेस्टर युनायटेडकडून ९८ सामने खेळला आणि त्याच्या नावावर गोल लागले १७. इंग्लंडमध्ये आजही त्याचे नाव निघाले की हाच आकडा पुढे केला जातो. माझे म्हणणे असे आहे की स्ट्रायकरच्या नावापुढचा गोलांचा आकडा त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतोच. तो त्याच्या मागे खेळणाऱ्यांचा असतो, प्रशिक्षकाच्या योजनेचा असतो, संघ चेंडू कुठून आणि किती वेगाने पुढे नेतो याचाही असतो. फोर्लानची कारकीर्द याचा मला माहीत असलेला सर्वांत स्पष्ट पुरावा आहे, कारण तिच्यात खेळाडू तोच राहतो आणि भोवतालचे सगळे बदलत जाते.

जानेवारी २००२ मध्ये बावीस वर्षांचा फोर्लान अर्जेंटिनातल्या इंदिपेंदिएन्ते क्लबकडून मँचेस्टरला आला. तो खरे तर मिडल्सब्रोकडे जाणार होता, ऐन वेळी युनायटेडने त्याला आपल्याकडे वळवले. पहिल्या गोलसाठी त्याला सप्टेंबर उजाडावा लागला. चॅम्पियन्स लीगमध्ये मकाबी हैफाविरुद्धचा सामना हातात आलेला असताना शेवटच्या मिनिटांत मिळालेली ती एक पेनल्टी होती. हे महिने वृत्तपत्रांनी मोजून काढले. फोर्लानला मिळालेली मिनिटे मात्र फारशी कुणी मोजली नाहीत. प्रीमियर लीगमध्ये तो ६३ सामने खेळला, त्यांतल्या ४० सामन्यांत तो बदली खेळाडू म्हणून उतरला. त्या काळात युनायटेडचे आक्रमण रूड व्हॅन निस्टलरॉयभोवती बेतलेले होते आणि ते बरोबरच होते, २००२-०३ मध्ये त्याने सगळ्या स्पर्धा मिळून ४४ गोल केले. अनेकदा प्रशिक्षक फर्ग्युसन त्याला एकट्याला पुढे ठेवत आणि त्याच्या मागे पॉल स्कोल्सला खेळवत. अशा संघात दुसऱ्या स्ट्रायकरच्या वाट्याला उरतात ती सामन्याची शेवटची पंधरा-वीस मिनिटे. तोवर सामना एक तर हातात आलेला असतो, नाही तर हातातून निसटत चाललेला असतो.

त्या मिनिटांतही त्याने जे केले ते कमी नव्हते. नोव्हेंबर २००२ मध्ये साउदम्प्टनविरुद्ध सामना बरोबरीत असताना त्याने अखेरच्या काही मिनिटांत विजयी गोल मारला, आनंदाच्या भरात जर्सी काढली आणि ती परत अंगात घालताच येईना. खेळ सुरू झाला तरी हा उघड्या अंगाने, जर्सी हातात धरून प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढायला धावत होता. महिनाभरात लिव्हरपूलच्या मैदानावर अवघ्या तीन मिनिटांत त्याने दोन गोल केले आणि युनायटेडने तो सामना २-१ ने जिंकला. त्या मोसमाअखेरीस विजेतेपद युनायटेडकडे आले. त्याच्या शेवटच्या सामन्याची हकिगत फोर्लानने नंतर स्वतः सांगितली आहे. ओल्या मैदानावर लांब खिळ्यांचे बूट घाल असे फर्ग्युसनने बजावले होते. याला सवय आखूड खिळ्यांची, त्याने तेच घातले. चेल्सीविरुद्ध गोलसमोर आयती संधी आली, पाय घसरला, संधी गेली. सामना संपल्यावर तो बूट बदलायला ड्रेसिंग रूमकडे धावला, पण फर्ग्युसनने आधीच ते हेरले आणि बूट उचलून फेकून दिले. ऐकले नाही हा दोष फोर्लानचाच. पण वेगळ्या मैदानांवर आणि वेगळ्या हवेत घडलेल्या खेळाडूला नव्या जागी किती बारीकसारीक गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, हेही त्या घसरलेल्या पायात दिसते.

त्यानंतर काही दिवसांतच तो विलारेआलला गेला. विलारेआल हे पन्नासएक हजार वस्तीचे गाव. तिथे प्रशिक्षक होते मॅन्युएल पेलेग्रिनी आणि मधल्या फळीत होता हुआन रोमान रिकेल्मे. रिकेल्मे धावायचा कमी, चेंडू पायाशी धरून ठेवायचा, बचावपटूंना आपल्याकडे ओढायचा आणि नेमक्या क्षणी त्यांच्यामधल्या फटीतून चेंडू पुढे सोडायचा. फोर्लानचे दोन्ही पाय सारखे चालायचे, त्यामुळे चेंडू कोणत्याही बाजूला आला तरी तो क्षणाचाही वेळ न घालवता फटका मारू शकायचा. त्याच्यासाठी असा पास म्हणजे अर्धा गोलच होता. पहिल्याच मोसमात त्याने २५ गोल केले. त्यांत बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर ३-३ अशा बरोबरीत सुटलेल्या सामन्यातली हॅटट्रिकही आहे. विलारेआल लीगमध्ये तिसरे आले, चॅम्पियन्स लीगला पात्र ठरले आणि पुढच्या वर्षी त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. ऑगस्टमध्ये घसरून पडलेला माणूस पुढच्या मे महिन्यापर्यंत काही वेगळा झाला नव्हता. त्याला रोज पहिल्यापासून मैदानात उतरायला मिळू लागले आणि त्याच्या हालचाली ओळखणारा पासर मिळाला, इतकेच.

पुढचा आकडा माझ्या म्हणण्याला थोडा अडचणीचा वाटेल. दुसऱ्या मोसमात त्याच विलारेआलमध्ये, त्याच पेलेग्रिनींच्या हाताखाली आणि त्याच रिकेल्मेसोबत लीगमध्ये त्याचे १० गोल झाले. तिसऱ्या मोसमात १९. म्हणजे जोडी जुळली की काम संपले असे होत नाही. एक तर चॅम्पियन्स लीगमुळे सामने वाढले होते, शिवाय आदल्या वर्षी २५ गोल करणाऱ्यावर प्रत्येक बचावपटूची नजर होती. नशिबाचाही भाग असतो, चेंडू खांबाला लागून आत जातो किंवा बाहेर येतो. पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या बाजूचाच आहे. एकाच क्लबमध्ये, एकाच माणसाचा आकडा २५ वरून १० वर येऊ शकत असेल, तर एका मोसमाच्या आकड्यावरून कुणाला महान किंवा टाकाऊ ठरवणे म्हणजे नाणे एकदाच उडवून त्याचा स्वभाव सांगण्यासारखे आहे.

२००७ मध्ये अॅटलेटिको माद्रिदने लाडक्या फर्नांडो टोरेसला लिव्हरपूलला विकले आणि त्याच्या जागी फोर्लानला आणले. इथे त्याला सर्जिओ अग्वेरो हा जोडीदार मिळाला. ठेंगणा, चपळ अग्वेरो बचावपटूंच्या अंगावर चेंडू घेऊन जायचा. ते त्याला घेरायचे आणि फोर्लान मोकळा सुटायचा. २००८-०९ मध्ये लीगच्या ३३ सामन्यांत त्याचे ३२ गोल झाले आणि दुसरा गोल्डन शू मिळाला. मे २०१० मध्ये हॅम्बुर्गला युरोपा लीगचा अंतिम सामना अॅटलेटिकोने फुलहॅमविरुद्ध २-१ ने जिंकला, त्यातले दोन्ही गोल फोर्लानचे. दुसरा गोल जादा वेळेच्या ११६व्या मिनिटाचा. अग्वेरोने डाव्या बाजूने चेंडू आत टाकला आणि फोर्लानने जवळच्या खांबापाशी त्याला हलका स्पर्श करून दिशा दिली. पहिल्या गोलच्या आधीही चेंडू अग्वेरोच्याच पायाला लागून आला होता. इंग्लंडमधले बचावपटू फोर्लानला झेपले नाहीत, स्पेनमध्ये खेळ सोपा आहे, असे म्हणणाऱ्यांनी तो मोसम पाहावा. उपांत्य फेरीत समोर लिव्हरपूल होते आणि दोन्ही लढतींत अॅटलेटिकोचा एकेक गोल झाला तो फोर्लानचाच, त्यातला दुसरा लिव्हरपूलच्याच मैदानावर जादा वेळेत. अंतिम सामन्यातला संघही इंग्लिशच होता.

फोर्लानने ज्याची जागा घेतली त्या टोरेसचे पुढे काय झाले तेही पाहायला हवे. लिव्हरपूलकडून प्रीमियर लीगच्या १०२ सामन्यांत त्याने ६५ गोल केले. जानेवारी २०११ मध्ये चेल्सीने त्याच्यासाठी पाच कोटी पौंड मोजले आणि तिथे लीगच्या ११० सामन्यांत त्याचे गोल झाले २०. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याचा वेग कमी केला होता, हे खरे. पण लिव्हरपूलमध्ये स्टीव्हन जेरार्ड बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत लांब चेंडू टाकायचा आणि टोरेस तिकडे झेपावायचा. चेल्सी चेंडू स्वतःकडे राखणारा संघ, त्यांच्याविरुद्ध प्रतिस्पर्धी गोलसमोर दाटीवाटीने उभे राहायचे. धावायला जागाच नव्हती. एप्रिल २०१२ मध्ये कॅम्प नोऊवर बार्सिलोनाचे सगळे खेळाडू गोलसाठी पुढे गेलेले असताना टोरेसला अर्धे मैदान रिकामे मिळाले. तो एकटा धावत गेला, गोलरक्षक व्हिक्टर वाल्देसला वळसा घातला आणि रिकाम्या जाळ्यात चेंडू टाकून चेल्सीचे अंतिम फेरीतले स्थान पक्के केले. मोकळी जागा मिळताच जुना टोरेस दिसला.

माझ्या म्हणण्यावर खरा मोठा आक्षेप इब्राहिमोविच किंवा लेवांडोव्स्की यांच्यासारख्यांचा दाखला देऊन घेतला जातो. हे लोक जिथे गेले तिथे गोल करत राहिले, त्यांना कुठे रिकेल्मे लागला? आक्षेप दमदार आहे आणि तो थोडासा मान्यही करायला हवा. काही थोड्या खेळाडूंचे कौशल्य इतके बहुपेडी असते की बरेचसे संघ त्यांना सामावून घेऊ शकतात. पण लेवांडोव्स्कीच्या डॉर्टमुंडमधल्या पहिल्या मोसमात लीगमध्ये त्याचे ८ गोल होते, कारण पुढची जागा लुकास बारिओसची होती आणि तो बहुतेकदा बदली म्हणून किंवा मागे खेळत होता. जागा मिळाल्यावर पुढच्याच मोसमात २२ झाले. इब्राहिमोविचला बार्सिलोनाने मोठी रक्कम देऊन आणले. त्याने लीगमध्ये १६ गोलही केले. तरी मधली जागा मेस्सीला देण्याची गरज पुढे आल्यावर एका वर्षात त्याला बाहेर पडावे लागले. शिवाय असे खेळाडू जिथे जातात तिथे संघच त्यांच्याभोवती रचला जातो, म्हणजे जी परिस्थिती इतरांना नशिबाने मिळते ती यांना करारासोबतच मिळते. मग श्रेय कुणाचे, सगळे परिस्थितीचेच का? तसे मी म्हणत नाही. दोन्ही पायांनी मारता येणे, डोके शांत ठेवणे, बाकावर बसूनही सराव न सोडणे हे फोर्लानचे स्वतःचे होते. ते नसते तर रिकेल्मेचे पास वाया गेले असते.

२०१० च्या विश्वचषकात तर त्याची जागाच बदलली. फ्रान्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात उरुग्वेला गोल करता आला नाही, तेव्हा प्रशिक्षक ऑस्कर ताबारेझ यांनी सुआरेझ आणि कवानीला पुढे ठेवून फोर्लानला त्यांच्या मागे आणले. तिथून त्याने संघ चालवला, लांबून गोल मारले, घानाविरुद्ध फ्री किकवर बरोबरी साधून दिली. त्याचे एकूण ५ गोल झाले, तेहेतीस लाख वस्तीचा देश चौथा आला आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल फोर्लानला मिळाला. वर्षभराने, जुलै २०११ मध्ये कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात पॅराग्वेविरुद्ध त्याने दोन गोल केले. आणि पुढच्याच महिन्यात इंटर मिलानने त्याला सॅम्युएल एतोच्या जागी विकत घेतले.

इंटरमध्ये त्याचे लीगमध्ये दोनच गोल झाले. वय झाले होते, असे सांगून हा मोसम मिटवला जातो. बत्तिशी उलटलेल्या खेळाडूबाबत ते अंशतः खरेही आहे, शिवाय मधे दुखापतही झाली. पण कोपाच्या अंतिम सामन्यातला फोर्लान आणि इंटरचा फोर्लान यांच्यात आठवड्यांचे अंतर होते. इंटरने एका मोसमात तीन प्रशिक्षक पाहिले, फोर्लानला अनेकदा मधून उचलून बाजूला खेळवले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या मोसमात तो अॅटलेटिकोकडून युरोपा लीगच्या पात्रता फेरीत आधीच खेळलेला असल्याने इंटरकडून चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळूच शकत नव्हता. युरोपातला एक मोठा क्लब खेळाडू विकत घेतो आणि त्याला आपल्या सर्वांत महत्त्वाच्या स्पर्धेत उतरवता येत नाही. त्या मोसमाचा हिशेब फक्त स्ट्रायकरच्या नावे मांडणे मला अन्यायाचे वाटते.

हा फोर्लान आपल्या मुंबईनेही पाहिला आहे. २०१६ च्या इंडियन सुपर लीगमध्ये ३७ वर्षांचा असताना तो मुंबई सिटीकडून खेळला. अंधेरीच्या मैदानावर केरळा ब्लास्टर्सविरुद्ध मुंबईने ५-० असा विजय मिळवला त्यात त्याची हॅटट्रिक होती. त्याआधीच्या दोन मोसमांत सातव्या आणि सहाव्या क्रमांकावर राहिलेला हा संघ त्या वर्षी गुणतक्त्यात पहिला आला. एव्हाना त्याचा वेग गेला होता. तो खाली उतरून चेंडू घ्यायचा, फ्री किक आणि कॉर्नर मारायचा आणि प्रशिक्षक अलेक्झांड्रे गिमाराइस यांनी संघाची मांडणी त्याला सोयीची ठेवली होती.

युरोपातला खरेदीचा हंगाम आला की आपल्याकडच्या चाहत्यांच्या गप्पांतही कुणाची किंमत किती आणि कुणाचे गोल किती एवढेच चालते. तुमच्या आवडत्या क्लबने नवा स्ट्रायकर आणला की गेल्या मोसमात त्याला चेंडू कोण देत होते आणि आता कोण देणार आहे, हे आधी विचारा. आणि तो पहिल्या सहा महिन्यांत अडखळला, तर त्याला ‘फ्लॉप’ म्हणण्याआधी तो किती सामन्यांत पहिल्या मिनिटापासून खेळला ते एकदा मोजून पाहा.