निकालानंतरचे १८० दिवस

कर्नाटकात पदवी घेऊन नोकरीविना बसलेल्या मुलामुलींना सरकार महिन्याला ३००० रुपये देतं, पदविकावाल्यांना १५००. दोन वर्षं किंवा नोकरी लागेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर. योजनेचं नाव युवा निधी. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं ज्या पाच ‘गॅरंटी’ दिल्या, त्यांतली ही एक. आणि आमच्या बेळगावात सर्वांत कमी बोलली जाणारी. घरातल्या बाईला मिळणारे गृहलक्ष्मीचे दोन हजार आले की नाहीत, हे बाजारात कुणालाही विचारा, तारखेसकट सांगतील. बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेची गर्दी तर बसस्टँडवर उभं राहिलं की दिसते. युवा निधीबद्दल मात्र ज्याला मिळतो तो गप्प, आणि त्याचे आईवडील त्याहून गप्प.

पोरगा इंजिनिअर होऊन घरी बसलाय, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं नसतं ना! मग त्याच्या नावावर भत्ता येतो, हे कोण सांगणार? बायकोच्या खात्यात सरकारचे पैसे आले तर तो हक्क, आणि मुलाच्या खात्यात आले तर ती नामुष्की, असा हा आपला मध्यमवर्गीय हिशेब आहे.

आमच्या घरात या विषयाला तोंड फुटलं ते भाचीमुळं. कॅम्पसमध्ये मुलाखत झाली, ऑफर लेटर आलं, पेढे वाटून झाले. पत्राच्या तळाशी एक ओळ होती, रुजू होण्याची तारीख नंतर कळवली जाईल. ती तारीख काही कळवली गेली नाही. मेल केला की ‘आपला संयम मोलाचा आहे’ असं छापील उत्तर यायचं. सहा महिने उलटल्यावर तिनं युवा निधीचा अर्ज भरायचं म्हटलं, तर आमचे भावोजी बिथरले. म्हणाले, “नोकरी लागलेली असताना बेकारभत्ता घ्यायचा? उद्या कुणी तक्रार केली तर?” त्यावर भाची म्हणाली, “बाबा, नोकरी कुठं लागलीय? पत्र आलंय नुसतं.”

माझं मत विचाराल तर पोरीचं बरोबर होतं. हातात पगार नाही, पीएफचा नंबर नाही, हजेरी नाही, तो माणूस बेरोजगारच. ऑफर लेटर दाखवून किराणा मिळत नाही. आणि कंपनीनं ते पत्र उद्या मागं घेतलं, तर भावोजींच्या सचोटीची भरपाई कोण देणार? खोटं बोलून भत्ता घेणं वेगळं आणि खरोखर रिकामं असताना घेणं वेगळं. त्यात चोरी कसली?

खरी अडचण दुसरीकडेच आहे. या योजनेत निकाल लागल्यावर १८० दिवस नोकरी न मिळालेल्यालाच पैसे मिळतात. म्हणजे आधी सहा महिने कोरडे काढा, मग या. त्यामागचा सरकारी विचार समजतो. पास झालेल्यांपैकी बरेच जण या अवधीत कुठं ना कुठं लागतील, उरतील त्यांनाच द्यायचं, तिजोरीवरचा भार हलका. पण पैशाची सर्वांत जास्त गरज पडते ती नेमकी याच सहा महिन्यांत, हे फाइलवर सही करणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

निकालाच्या दिवशी विद्यार्थी म्हणून मिळणारं सगळं एकदम तुटतं. हॉस्टेलची खोली सोडावी लागते, बसचा पास संपतो, शिष्यवृत्ती थांबते. शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष हप्त्याची सवलत देते, पण व्याज चालूच राहतं. आणि खर्च मात्र तेव्हाच सुरू होतो. बेळगावचा पोरगा मुलाखतीला निघाला की संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरून बेंगळुरूला, नाहीतर पुण्याच्या बसला. मुलींना कर्नाटकाच्या साध्या बसला तिकीट नाही, ती एक सोय झाली. मुलांना तीही नाही. तिथं पीजीत राहायचं तर आधी डिपॉझिट मोजा. स्पर्धा परीक्षांच्या अर्जांचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात २०२३ ला तलाठी भरती झाली, तेव्हा खुल्या गटाकडून अर्जाचे १००० रुपये घेतले, राखीव गटाकडून ९००. ज्याला नोकरी नाही म्हणून तो अर्ज करतोय, त्याच्याचकडून! युवा निधीचा एक महिना म्हणजे असे तीन अर्ज.

हे १८० दिवस कमी करून निदान ६० वर आणावेत, असं मला वाटतं. जो पहिल्याच महिन्यात नोकरीला लागेल त्याला काही द्यावं लागणारच नाही, मग इतकं घाबरायचं कशाला?

आपल्याकडे नोकरी गेलेल्यासाठी थोडीफार तरतूद आहे. ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ साली आली. त्यात सरासरी पगाराच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. पण त्यासाठी आधी कामाला असायला हवं, वर्गणी कापली गेलेली हवी. जर्मनीसारख्या श्रीमंत देशातही बेकारीच्या विम्याचं गणित असंच आहे, साधारण बारा महिने हप्ते भरलेले असतील तरच विम्याचा भत्ता. कॉलेजातून थेट बाहेर पडलेला पोरगा यात कुठंच बसत नाही. त्यानं अजून काही भरलेलंच नसतं. म्हणूनच युवा निधीसारखी योजना मला महत्त्वाची वाटते. ती पूर्वीच्या वर्गणीचा हिशेब मागत नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारीच्या काळात सरकारनं साहाय्य करावं असं लिहिलेलं आहे, ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ हे शब्द जोडून. ती कुवत केरळच्या बेकारभत्त्यात महिना १२० रुपयांची ठरली होती. कर्नाटकानं ती ३००० धरली, एवढं तरी मान्य करायला हवं.

महाराष्ट्रानं वेगळी वाट धरली. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला ६०००, आयटीआय आणि पदविकावाल्याला ८०००, पदवीधराला १०,०००. पण घरबसल्या नाही, कुठल्यातरी कार्यालयात किंवा कारखान्यात सहा महिने काम शिकायचं. पुढं ही मुदत पाच महिन्यांनी वाढवली. हाताला काम देऊन पैसे देण्याची ही रीत महाराष्ट्राच्या हाडीमाशी खिळलेली आहे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमी उभी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकांनी आपली पगाराची स्लिप काढून बघावी. ते २०० रुपये दुष्काळात खडी फोडणाऱ्यांसाठी सुरू झाले होते.

रोजगार हमीत एक गोष्ट चोख होती. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते दिलं नाही, तर भत्ता द्यायचा. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही ही अट आली. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढं निम्मा. प्रत्यक्षात हा भत्ता किती जणांच्या हाती पडला हा वेगळा विषय. पण मुदत बघा, मजुराला पंधरा दिवस. पदवीधराला मात्र १८०!

युवा कार्य प्रशिक्षणातली गोम शेवटी कळते. पंचायत समितीत किंवा शाळेत अकरा महिने राबलेला पोरगा बाराव्या महिन्यात परत घरी. मग ‘आम्हाला कायम करा’ म्हणून मोर्चे निघाले. त्यांचं सगळंच चूक म्हणता येत नाही. काम खरं होतं, त्याचं नाव तेवढं प्रशिक्षण होतं. कर्नाटकाच्या भत्त्यात ही फसगत नाही, कारण त्यात कुणी कुठं बोलावतच नाही. पण मग सहा महिन्यांनंतर त्या मुलाला काम शिकवायचं कुणी? राजस्थाननं भत्त्याला रोजच्या चार तासांच्या इंटर्नशिपची जोड दिली होती. अर्धा दिवस काम, अर्धा दिवस अभ्यास आणि मुलाखती, हे मला जास्त पटतं.

आमच्या भागात तर कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या या दोन्ही रीती एकाच बाकावर बसतात. सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या कितीतरी मुली रोज बेळगावच्या कॉलेजांत येतात. तीच मराठी, तेच प्राध्यापक, तीच गुणपत्रिका. निकालानंतर एक युवा निधीला पात्र, कारण तिचं घर बेळगावात. दुसरीला हा निधी नाही, तिनं महाराष्ट्राच्या पोर्टलवर नाव घालायचं. दोघी एकमेकींना विचारतात, तुझे आले का? आणि दोघींचेही पैसे कुठंतरी अडकलेले असतात.

ते का अडकतात, हे भाचीच्या निमित्तानं जवळून बघितलं. अर्ज सेवासिंधूवर किंवा कर्नाटक वन, ग्राम वन केंद्रांत होतो, पण मजकूर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ‘स्वयंघोषणा’, म्हणजे आपण बेरोजगार असल्याचं स्वतः लिहून देणं, भरायची आहे, हे केंद्रातला माणूस सांगेल तेव्हाच कळतं. मराठीचा पर्याय द्यायला फार खर्च नाही, इच्छा मात्र लागते. दुसरी अडचण कॉलेजांची. गुणपत्रिका राष्ट्रीय शैक्षणिक संग्रहात, म्हणजे ‘नॅड’वर चढलेली नसेल तर अर्ज पुढं सरकत नाही, आणि ती चढवणं मुलाच्या हातात नसतं. आणखी एक, निव्वळ रिकामं बसायला नको म्हणून एम.कॉम.ला नाव घातलं की निधी बंद. अप्रेंटिसचं विद्यावेतन घेतलं तरी बंद. आधीच बिथरलेले भावोजी या अटी वाचून भाचीच्या चार शिकवण्यांनाही नको म्हणायला लागले. जर्मनीत बेकारभत्ता घेणाऱ्याला आठवड्याला १५ तासांच्या आत काम करायची मोकळीक असते. आपल्याकडेही नियमात तसं एक वाक्य स्वच्छ लिहून टाकावं, म्हणजे पोरं घाबरत लपूनछपून चार पैसे मिळवणार नाहीत.

भाचीचा अर्ज शेवटी भरला गेला, भावोजींनीच आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक काढून दिलं. ज्यांच्या घरात यंदा निकाल आहे, त्यांना एवढंच सांगतो. निकालाच्या आठवड्यातच कॉलेजात जाऊन गुणपत्रिका ‘नॅड’वर चढली का ते विचारा, बँकखातं आधारला जोडून ठेवा, १८० दिवस कॅलेंडरवर मोजा आणि मुदत भरली की दुसऱ्याच दिवशी केंद्र गाठा. लाजू नका. आणि रुजू झालात की त्याच महिन्यात नोकरी लागल्याचं कळवून टाका. खोटी घोषणा केली तर कारवाई होते.