थांबविलेली क्वेरी

कित्येकांची अशी समजूत असते कीं, प्रोग्रॅममध्यें ‘अवेट’ हा शब्द लिहिला म्हणजे डेटाबेसकडे धाडलेली क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, थांबते. आमचीहि तशीच होती. वस्तुतः थांबतो तो आपला प्रोग्रॅम. त्याचा थ्रेड मोकळा होऊन दुसऱ्या कामास लागतो. आपण पाटावरून उठलों म्हणून चूल थोडीच विझते?

पोस्टग्रेस्क्यूएलमध्यें चालती क्वेरी रद्द करतां येते. मध्येंच थांबवून पुन्हां चालू करण्याची आज्ञा नाहीं. तथापि ‘कर्सर’ घेतल्यास हजार-हजार ओळी मागवितां येतात, आणि मागणें थांबलें कीं कामहि थांबतें. या युक्तीनेंच आम्हांस गोत्यांत आणलें. वर्गणीदारांची यादी अर्ध्यावर ठेवून आम्ही स्वस्थ निजलों. साधा कर्सर ट्रॅन्झॅक्शनबरोबरच संपतो. म्हणून ती रात्रभर उघडी राहिली. इकडे पत्ते बदलण्याचें काम चालूच होतें. बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती ‘व्हॅक्यूम’ला काढून टाकतां येईनात, आणि सकाळीं पाहतों तों टेबल भलतेंच फुगलेलें! भरींत भर म्हणून तेंच कनेक्शन दुसऱ्या थ्रेडनें उचललें होतें. एका वेळीं एका कनेक्शनवर एकाच थ्रेडनें बोलावें, हा साधा नियम आम्हीं पाळला नव्हता.

हल्लीं आम्ही वर्गणीदार-क्रमांकानें ओळी मागवितों, शेवटचा क्रमांक टिपून ट्रॅन्झॅक्शन मिटवितों, आणि पुढें त्या क्रमांकानंतरच्या ओळी नव्यानें मागवितों. यांत मधल्या वेळीं झालेले बदल शिरतात, हें खरें. सर्व यादी एकाच क्षणाची राहात नाहीं. वर्षअखेरच्या हिशेबास तें चालत नाहीं. तेवढी यादी मात्र आम्ही आजहि कर्सरनेंच, एका बैठकींत, न थांबतां काढतों.