फौजी पँट वाकळीत घालू नका

पलटणीतल्या माणसाची जुनी पँट फाडून तिची वाकळ शिवणे आता थांबवावे, असे मला मनापासून वाटते. मी सदलग्यात शिलाईकाम करतो. वाकळीशी माझे भांडण नाही. जुने कापड वाया न घालवण्याची आमच्या भागातली ती चांगली रीत आहे. पण हयात नसलेल्या जवानांच्या ट्रंकांतून निघालेल्या पँटी उसवायला येतात, तेव्हा आपल्या पोशाखाच्या इतिहासाचा पुरावाच कात्रीखाली जातो.

कारण मराठी पुरुषाच्या अंगावर आज जी पँट आहे, ती बरीचशी फौजेच्या वाटेने आली. घोड्यावर मांड ठोकणाऱ्याला धोतराचा घोळ परवडत नाही, म्हणून मराठी स्वार तुमान, चोळणा घालत. कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या शिपायाला वर लाल कोट आणि खाली आखूड जांघिया असे. लांब पँट त्याला मिळाली एकोणिसाव्या शतकात. 1846 मध्ये हॅरी लम्सडेनने पेशावरकडे गाइड्स पलटण उभी केली आणि तिच्यातून खाकी रुजत गेली. लाल कोट दुरून नेमका टिपता येतो, धुळीत मिसळणारा रंग जीव वाचवतो. पुढे हीच खाकी हाफ पँट होऊन हवालदाराच्या आणि शाळकरी पोरांच्या अंगावर आली.

आमच्या सीमाभागात या प्रवासाचा मोठा टप्पा बेळगाव. 1922 पासून तिथे मराठा पलटणीचे केंद्र आहे. चिकोडी-निपाणीकडची पोरे तिथे भरती होत आली. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या एका गावाने तर आपले नावच सैनिक टाकळी केले. सुट्टीवर आलेल्या जवानाची कडक इस्त्रीची घडी, पट्टा आणि खिसे बघूनच अनेक घरांतल्या धाकट्यांनी पहिली फुल पँट शिवून मागितली.

निपाणीच्या स्टँडवर आज पोरे मांडीवर मोठा खिसा असलेली कार्गो घालून हिंडतात. तो खिसा शोभेसाठी जन्मला नाही. ब्रिटिश फौजेने 1938 च्या सुमारास आणलेल्या बॅटलड्रेसच्या लोकरी पँटीला डाव्या मांडीवर नकाशा ठेवायचा खिसा होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या थंडीत लढलेल्या हिंदी जवानांनी हा बॅटलड्रेस वापरला. त्याच इटलीत मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना 1944 मध्ये मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना 1945 च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कार्गो घालणाऱ्या पोराला हे कोणी सांगत नाही, कारण दाखवायला तशी पँट गावात उरलेली नाही.

जुनी फौजी पँट उलटी करून बघा. आसनाला ताण सोसणारी दुहेरी शिलाई, कमरेत सोडलेली मार्जिन, हात सहज जाईल असा खोल खिसा. माणूस वाकणार, धावणार, रांगणार हे धरून केलेली ती बेतणी आहे. आजच्या कित्येक रेडीमेड पँटींत झाकण आहे पण खिसा नाही, आणि कंबर वाढवायला आत सुतभर कापड नाही. शिवणाऱ्या नव्या पोरांनी काम शिकावे ते त्या जुन्या पँटीकडून.

चालू वर्दीबद्दल मी बोलत नाही. नव्या लढाऊ वर्दीच्या नक्षीची नोंदणी लष्कराने 2022 मध्येच करून घेतली आहे. ती जवानाच्याच अंगावर राहू दे. मी म्हणतो ते आजोबा-पणजोबांच्या कपड्यांबद्दल.

पदके आपण चौकटीत लावतो आणि पलटणीचा मानाचा पोशाख संग्रहालयात जपला जातो. ठिगळ लावून रानात वापरलेली पँट मात्र कुणालाच जपावीशी वाटत नाही, आणि फौजेचा कपडा गावाचा कसा झाला हे सांगते तीच. सीमाभागातल्या वाचनालयांनी त्यासाठी एक काचेचे कपाट ठेवावे. पँटीसोबत चिठ्ठी हवी: कोणाची, कोणत्या पलटणीतली, कुठे वापरली. लोकरीला कसर लागते, म्हणून वर्षातून दोनदा सावलीत वारा द्यावा. अशी पँट कपाटासाठी आणाल, तर उसवलेले टाके मी पैसे न घेता घालून देईन. वाकळीला दुसरे कापड कुठेही मिळेल.