रेघांना अटी घालू या!

बालदोस्तांनो, कंपासपेटी काढा बरं. ६ सेंमीची आडवी रेघ आखा. एका टोकावरून ५ सेंमीचा कंस मारा, दुसऱ्या टोकावरून ४ सेंमीचा. झाला की त्रिकोण! पण कंस पूर्ण गोल फिरवलेत, तर ते दोन ठिकाणी छेदतात. एकदा रेघेच्या वर, एकदा खाली. खालच्याकडे आपण बघतसुद्धा नाही. संगणकाला मात्र हे कुणीतरी सांगावं लागतं.

यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे आता संगणकावर काढतात. रेघा आधी कशाही ओढायच्या, मग अटी घालायच्या : ही आडवी, या दोघी समांतर, ही ४ सेंमीचीच. चित्र जुळवायचं काम संगणकाचं. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणाऱ्या आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली आपल्या 'स्केचपॅड'मध्ये ही करामत दाखवली. पडद्यावर चक्क प्रकाशाच्या लेखणीने, म्हणजे लाइट पेनने, रेघा काढायच्या!

संगणक जुळवतो कसा? अंदाजाने! शिरोबिंदू कुठेतरी ठेवतो, बाजू मोजतो, किती चुकलं ते बघतो आणि बिंदू सरकवतो. पुन्हा मोजतो. चूक जवळजवळ शून्य झाली की थांबतो.

आणि इथेच घोटाळा होतो. समजा, पहिला अंदाज नेमका आडव्या रेघेवरच पडला. तिथून बिंदू केसभर वर नेला काय नि खाली नेला काय, बाजूंच्या लांबीत जवळजवळ फरकच पडत नाही. मग वर जावं की खाली, हे कळणार कसं? बिचारा बिंदू रेघेवरच डावी-उजवीकडे घुटमळतो. त्रिकोण काही होत नाही.

दोनशे रेघांच्या आराखड्यात असा अडलेला बिंदू शोधायचा म्हणजे दमछाकच. आज्ञावली लिहिणारे मग एकेक रेघ काढून टाकत जातात. दोष शिल्लक राहील असं सगळ्यात छोटं चित्र उरलं, की प्रत्येक फेरीतली चूक छापून बघतात. ती कमी होतेय की तिथेच अडलीय? अडली असेल, तर सुरुवातीलाच बिंदूला जरासं वर ढकलायचं. एवढासा उपाय! बाजू ६, ३ आणि २ दिल्या तर मात्र कंस भेटतच नाहीत. अशा वेळी फेऱ्यांना मर्यादा घालावी लागते, नाहीतर संगणक आपला मोजतच बसेल.

जास्तीच्या अटींचं दुखणं तर आणखी वेगळं. ते हातानेच करून बघा. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांना टोकांशी भोकं पाडा, भोकांमधलं अंतर १० सेंमी. टाचण्यांनी चौकट जोडा. कशी डुलते बघा! आता १२ सेंमीची पाचवी पट्टी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत लावा. डुलणं बंद. उरलेल्या दोन कोपऱ्यांत सहावी पट्टी १६ सेंमीची असेल तर बिनबोभाट बसेल, पण तिचा उपयोग काहीच नाही. संगणकाने तेवढं सांगितलं तरी पुरे. पण सहावी १५ सेंमीची कापली तर?

कापा आणि लावून बघा. पुठ्ठा जरा जाड घ्या हं, नाहीतर तो वाकेल आणि उत्तर फसवं येईल.